घुमटाचा दोर

लाईट गेली की माणसं वैतागतात. माझं त्या दिवसांत उलटं झालं होतं. लाईट आली की मला नको व्हायचं. सत्त्याण्णव सालच्या गुढीपाडव्याचा दुसरा दिवस. बारामतीत स्टँडजवळच्या सलूनमध्ये मी दाढीला बसलो होतो. लाईट नव्हती म्हणून दार सताड उघडं होतं, रस्त्यावरचा फुफाटा आत येत होता, आणि वस्तरा माझ्या डाव्या गालावरून निवांत खाली उतरत होता. बाहेर कोणीतरी ‘आली’ म्हणालं. डोक्यावरच्या पंख्यानं टिक् केलं आणि तो आपला आपण फिरायला लागला. बटण कोणी दाबलं नव्हतं, ते मघापासून चालूच राहिलं होतं, हे मला कळत होतं. सगळी हयात बटणांत गेलेल्या माणसाला ते कळायलाच हवं. पण अंग ऐकेना. मी खुर्चीतून उडालो, वस्तरा कानाखाली लागला, आणि सलूनवाला माझ्यापेक्षा जास्त घाबरला. त्यानं तुरटी लावली, उरलेली दाढी करायला हात पुढे केला, तर मी टॉवेलनं साबण पुसला आणि उठलो. त्याला वाटलं मी रागावलो. रागावलो नव्हतो. आज कळसला जायचं, म्हस्कूतात्यासमोर उभं राहायचं, एवढंच डोक्यात आलं होतं आणि ते अर्ध्या दाढीसाठी थांबलं असतं तर पुन्हा बारा दिवस थांबलं असतं. मी स्वतःला ओळखून आहे.

मोटरसायकलला लाथ मारली आणि निघालो. एमआयडीसीच्या कडेला माझं दुकान आहे, त्याच्यासमोरून जाताना मान वळवली नाही. दुकानावर लाल रंगात लिहिलंय, ‘अनुप इलेक्ट्रिकल्स, पंपाचे स्टार्टर व ऑटो’. ऑटो म्हणजे तीन चाकांची नव्हे. आमच्याकडे उसाला पाणी द्यायचं तर लाईट कधी येईल त्याचा नेम नसतो. रात्री दोनला येते, पहाटे चारला जाते. आली की कोणीतरी विहिरीवर जाऊन हिरवं बटण दाबायचं. माझी वीतभर डबी हे काम करते. लाईट आली की ती मनात दहा आकडे मोजते आणि बटण आपणच दाबते. शेतकरी घोरत असतो आणि ऊस पाणी पीत असतो. कोऱ्हाळ्यापासून कळसपर्यंत काही शे विहिरींवर माझी डबी आहे, आणि तिचा मला गर्व होता. लग्नकार्यात लोक ‘हे ऑटोवाले’ अशी माझी ओळख करून द्यायचे तेव्हा मी उगाच रुमालानं तोंड पुसायचो. आयटीआय करून आलो तेव्हा मात्र कोणी आपला स्टार्टर मला उघडू देत नव्हतं. वस्तीवरचं पोरगं, त्यात नवशिकं. माझ्यादेखत डबीकडे बघायचे आणि विषय पावसावर न्यायचे. पहिली डबी ज्यानं बसवून घेतली तो म्हस्कूतात्या. एकोणनव्वद साल. काही विचारलं नाही, पुढे झाला, विहिरीवरच्या पेटीचं दार उघडलं आणि बसव म्हणाला. मग ऊन चढेपर्यंत शेजारी उकिडवा बसून बघत राहिला. त्याच्या बघण्याचं मला तेव्हा ओझं वाटलं होतं. पुढे गावोगाव त्यानंच सांगितलं, आणि माझं दुकान उभं राहिलं ते त्या सांगण्यावर. याचे आभार मी कधी मानले नव्हते. आमच्यात आभार मानायची रीत नाही, असं म्हणून माणूस किती वर्षं सुटून जाऊ शकतो हे मी त्या रस्त्यावर मोजत होतो.

कालव्याच्या कडेनं रस्ता लागला आणि उन्हात पाण्याचा वास आला. माळावरचा पत्र्याचा घुमट लांबूनच दिसतो. विजयमालाबाई हायस्कुलात विज्ञान शिकवायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी मंडळ काढलं, चार जणांचे उंबरे झिजवले आणि ती वेधशाळा उभी केली. शनिवारी संध्याकाळी कोणीही यावं, शिडीवर चढावं, दुर्बिणीला डोळा लावावा. शनीचं कडं बघून एक म्हातारा बाईंच्या पाया पडला होता म्हणतात. घुमटाला एक उभी खिडकी, आणि ज्या दिशेला बघायचं तिकडं ती आणायची तर सगळा घुमट फिरवायचा. ते काम म्हस्कूतात्याचं. आतून घुमटाच्या बुडाच्या गोल कड्याला गुंडाळलेला जाड दोर, तो पायांत अंतर घेऊन ओढायचा, आणि घुमट कुरकुरत सरकायचा. जागेवर आला की तात्या दोराचा शेवट भिंतीतल्या खुंटीला दोन वेढे देऊन बांधायचा. बांधल्याशिवाय कोणाला शिडीवर चढू द्यायचा नाही, कारण शिडी खाली चाकांवर आणि वर आकड्यानं त्याच कड्याला अडकवलेली. घुमट हलला की शिडी हलणारच. लोक घुमटाला घुमट म्हणायचे, तात्या टोपी म्हणायचा. टोपी फिरवली, टोपी बांधली. सहा वर्षं त्यानं आभाळ इतरांसमोर आणून ठेवलं. त्याचा स्वतःचा नंबर यायचा तेव्हा बाई दुर्बिणीवर कापड घालत असायच्या.

शेंडेनक्षत्र आलं आणि माणसं लोटली. हेल-बॉप असं बाई सांगायच्या, गावानं ते आपलं शेंडेनक्षत्रच ठेवलं. शनिवारचं रोज झालं. तात्याचा खांदा उतरायला आला. तेव्हा बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, घुमटाला मोटार बसव. मी हरखलो. उसाच्या मोटारी सोडून आभाळाची मोटार. भंगारातून डेअरीतल्या सरकत्या पट्ट्याचा एक गिअरबॉक्स आणला, त्याला लुनाचं चाक जोडलं आणि ते चाक कड्याला दाबून बसवलं. चाक फिरलं की कडं फिरणार. कड्यावर बारा खुणा केल्या. पॅनेलवरचा खटका हव्या त्या आकड्यावर न्यायचा, घुमट तिथं जाऊन आपला आपण थांबायचा. पहिल्यांदा तो फिरला तेव्हा अजिबात कुरकुरला नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तात्यानं चाकाला हात लावून बघितला, टायर गरम झालंय का ते. मी त्याला म्हणालो, आता दोर काढून टाका, मध्ये मध्ये येतोय. तो काढतो म्हणाला आणि काढला नाही. दुसऱ्या दिवशी मी जरा चढ्या आवाजात पुन्हा सांगितलं. तो आवाज मला आजही माझ्या कानात ऐकू येतो आणि मी घरात एकटा असलो तरी खाली बघतो.

सलूनच्या त्या दिवसाच्या बारा दिवस आधी, शुक्रवारी संध्याकाळी सात-साडेसातला अंगणात शंभरेक माणसं. मी इस्त्रीचा शर्ट घालून पॅनेलपाशी उभा. खटका दहावर होता, तो बाईंनी अकरावर न्यायला सांगितला. घुमट निघाला आणि अर्ध्या वाटेत लाईट गेली. अंधारात पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण खिडकीच्या कडेला शेंडेनक्षत्र दिसतच होतं, उलट अंधारामुळे जास्तच छान. बाई म्हणाल्या, दुर्बिणीला कुठं लाईट लागते, चढा एकेक. पहिली रंगूबाई चढली. कोऱ्हाळ्याहून लेकाबरोबर आलेली सत्तरीची बाई, पदर डोक्यावरून नीट घेऊन, जणू देवळात. ती वर बघून काहीतरी हळू पुटपुटत होती. आणि लाईट आली. पॅनेलमध्ये मी ओळखतो असा एक बारीक आवाज झाला. मी तो शेकडो विहिरींवर ऐकलाय. मनात दहा मोजून माझी डबी बटण दाबते, तो आवाज. घुमटाला अकरापर्यंत जायचं राहिलं होतं, आणि माझ्या हातांनी, डोकं न वापरता, निव्वळ सवयीनं, घुमटाच्या पॅनेलमध्येसुद्धा ऑटो बसवला होता. या मुलखात ऑटोशिवाय पॅनेल म्हणजे मिठाशिवाय भाजी. मी विचारच केला नव्हता की इथं दुसऱ्या टोकाला विहीर नाही, शिडीवर बाई आहे.

घुमट हलला, आणि अडला. टायर कड्यावर जागच्या जागी किंचाळायला लागलं, जळक्या रबराचा वास सुटला. तात्यानं दोर बांधलेला होता. लाईट गेल्या गेल्या, अंधारात, कोणाला न सांगता त्यानं खुंटीला वेढे दिले होते. दोर ताणून करकरत होता आणि वेढे सुटू नयेत म्हणून तो दोन्ही हातांनी धरून मागे रेलला होता. रंगूबाईला तिच्या लेकानं उचलून खाली घेतलं, तिचं कोपर खरचटलं, तेवढंच. मी मेन स्विच पाडला. तोपर्यंत तात्याच्या उजव्या हाताचा अंगठा दोर आणि खुंटीच्या मध्ये सापडला होता. त्याचं वरचं पेर पुढे दवाखान्यात काढून टाकावं लागलं. त्या गडबडीत, सगळे त्याच्याभोवती असताना, मी पॅनेल उघडलं, दोन स्क्रू ढिले केले आणि डबी काढून खिशात घातली. माझ्या आयुष्यात इतक्या झटपट मी दुसरं काही काम केलेलं आठवत नाही.

मंडळाची बैठक झाली तेव्हा चिटणीस राजवर्धननं, तो बाईंच्या भावाचा मुलगा, सरळ विचारलं की मोटार बसवल्यावर दोर काढायला सांगितला होता की नाही. तात्या म्हणाला, व्हय, सांगितला व्हता. मग बांधला कोणी? मी बांधला. एवढंच. हाताला पांढरं बँडेज, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. ठरलं असं की दोर बांधलेला राहिल्यामुळे मोटार अडली, हिसका बसला, म्हणून सगळं झालं. वेधशाळा पाडवा होईपर्यंत बंद ठेवायची, आणि म्हस्कूनं आता घरी आराम करावा. बाईंना ते जड गेलं, पण त्यांनीच ते त्याला सांगितलं. तात्या खोटं बोलला नव्हता. मला तर कोणी काही विचारलंच नव्हतं. मी मूग गिळून बसलो आणि स्वतःला समजावत राहिलो की बोललो तर काही शे विहिरींवरचा माझ्या नावाचा भरवसा उडेल; कोण ठेवील मग घुमट फिरवून म्हातारी पाडणाऱ्याची डबी आपल्या विहिरीवर. त्या रविवारी आमच्या वस्तीवरच्या विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या त्या ओळीवर, माझा आवाज आपोआप खाली गेला. शेजारी माझी बायको रश्मी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढची ओळ मोठ्यानं म्हटली. चौदा एप्रिलची जयंती आठवड्यावर आली होती, दरवर्षी वस्तीवरची रोषणाई मीच करतो. माळा सोडवत बसायचो आणि दिवा लागला की दचकायचो.

तात्याच्या घरी पोचलो तेव्हा तो ओट्यावर बसून डाव्या हातानं चहा पीत होता. जेवणखाण, पाऊसपाणी, काहीही न विचारता आधी माझ्या तोंडाकडे बघत राहिला. म्हणाला, अर्धीच दाढी ठेवायची फ्याशन आली का काय बारामतीत. मला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि त्या दोन्हींच्या मधोमध मी सगळं बोलून टाकलं. डबी, दहा आकडे, दोन स्क्रू, खिसा. तो ऐकत होता म्हणजे बशीतला चहा संपवत होता.

“मला म्हाईत हाय ते,” तो म्हणाला.

मी ओट्याच्या कडेवर टेकलो.

“लाईट गेली तवा पेटीवरचा तांबडा दिवा आठवला. माज्या हिरीवर तसाच हाय. म्हणलं, पोरानं हितं बी ऑटोच बसवलाय. आता लाईट आली की ही टोपी चालायला लागणार. म्हणून दोर बांधला.”

“मग बैठकीत का नाय सांगितलं तात्या? माझं नाव का नाय घेतलं?”

त्यानं बशी खाली ठेवली. त्याचा थोरला भाऊ बिरू गेला हे मला माहीत होतं. कसा गेला हे मी कधी विचारलं नव्हतं. सत्त्याऐंशी साली रात्री अडीचला लाईट आली म्हणून बिरू बटण दाबायला विहिरीवर गेला, पेटीच्या बुडाशी नाग होता. सकाळी सापडला तेव्हा मोटार चालू होती आणि पाणी शेजारच्याच्या वावरात गेलं होतं. तात्या हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, बँडेजची सुटलेली कड आत खोचत होता.

“त्यानंतर दोन वर्सांनी तू आलास ती डबी घिऊन. तवापास्नं या शिवारात राती कुणी हिरीवर गेलं न्हाय. मी तितं बैठकीत म्हणलो असतो ऑटोनं घात केला, तर लोकांनी डब्या काढून फेकल्या असत्या. अन् परत राती अंधारात गेले असते. अंगठ्याचं काय, दुसरा हाय.” मग जरा थांबून, “तुजं उपकार फेडायचं राहिलं व्हतं माज्याकडं. फिटलं न्हाय, पण हलकं झालं.”

मी आलो होतो आभार मानायला. माझ्याच तोंडातला शब्द त्यानं आधी काढून घेतला, आणि मला वाटलं की इतकी वर्षं हा माणूस पेटीशेजारी उकिडवा बसून काय बघत होता ते मला आत्ता कळतंय. मी त्याचे पाय धरले. त्यानं ते ओढून घेतले आणि चिडून म्हणाला, असलं काय करू नगंस. मी म्हणालो, चला, आज वेधशाळा पुन्हा उघडतेय, मला तिथं बोलायचंय. तो नको म्हणाला. झालं ते झालं, लोक बिथरतील. मी म्हणालो, विहिरीवर डबी बरोबर आहे आणि शिडीवर चूक आहे, एवढं समजण्याइतके आपले लोक शहाणे आहेत, आणि नसले तर मी एकेका विहिरीवर जाऊन समजावीन. हे बोलताना माझाच त्यावर विश्वास नव्हता. पण तो उठला. टोपी डोक्यावर चढवत म्हणाला, “येतो. पण मी बोलणार न्हाय.”

माळावर पोचलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता आणि वायव्येला शेंडेनक्षत्र उघड्या डोळ्यांनी लख्ख दिसत होतं. बाई रांग लावत होत्या. तात्याला बघून त्यांचा चेहरा कसनुसा झाला. रांगेत माझी गिऱ्हाइकं मी मोजली नाहीत, पण एकेक ओळखीचा फेटा दिसत होता. रंगूबाईसुद्धा आली होती, कोपराला हळद लावून. मी बाईंना म्हणालो, सुरू करायच्या आधी मला दोन मिनिटं द्या. आणि उभा राहिलो आणि सांगितलं. कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. वाक्यं गुंतली. दोरामुळे काही झालं नाही, दोरामुळे रंगूबाई वाचली, चूक माझ्या पॅनेलची, आणि ती मी त्याच संध्याकाळी खिशात घालून घरी नेली, एवढं नक्की बोललो. शेवटी विहिरीचं आणि शिडीचं बोलायचं ते राहूनच गेलं.

राजवर्धननं विचारलं की हे त्या दिवशी का नाही सांगितलं. मी म्हणालो, भ्यालो. त्याच्याकडे पुढचा प्रश्न तयार होता, पण रांगेतून कळसचा एक बागायतदार म्हणाला की आमच्या हिरीवरचा ऑटो चार दिवस झाले अडकतोय, ते बघायला कधी येणार. दोनचार जण हसले. काही जण मात्र मान फिरवून उभे राहिले. त्यांतल्या एकानं पुढच्याच आठवड्यात डबी परत आणून दिली, आणि ती मी ठेवून घेतली. रंगूबाई तात्याजवळ गेली, त्याचा बँडेजचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि धरूनच ठेवला. बाई पुढे आल्या. त्या पस्तीस वर्षं वर्गात बोललेल्या बाई, पण आधी त्यांनी हात जोडले.

“म्हस्कूराव, मी शिकलेली असून नीट बघितलं नाही. तुम्हाला घरी बसवलं. माझं चुकलं.”

तात्याला हे कुठं ठेवावं कळेना. त्यानं वर बोट करून सांगितलं की ते खाली चाललंय, लोकं खोळंबलीत. बाई म्हणाल्या, आज पहिले तुम्ही. तो रंगूबाईकडे बघायला लागला, तिचं बघणं अर्धं राहिलं होतं. ती म्हणाली, जा बाबा, मी हाय हितंच. मी खटका अकरावर नेला, घुमट गेला, थांबला. तात्यानं शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथंच थांबला. मग माझ्याकडे वळला.

“अनुप, लाईट गेली अन् आली तर?”

मी पॅनेलपाशी गेलो, तिन्ही फ्यूज उपसून काढले आणि परत शिडीपाशी येऊन उभा राहिलो. खोलीतला बारका दिवाही गेला.

“फ्यूज माझ्या हातात आहेत, तात्या.”

“मग निवांत बघतो,” तो म्हणाला आणि चढला. त्यानं डोळा लावला. बाई खालून हळू आवाजात सांगत होत्या की मधल्या ठिपक्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या कमानी दिसतायत का बघा. तो व्हय म्हणाला आणि पुष्कळ वेळ तसाच डोळा लावून राहिला. चिनी मातीचे फ्यूज माझ्या मुठीत गरम झाले होते. रांग दारापासून अंगणापर्यंत होती, आणि कोणीही त्याला उरका म्हणालं नाही.